पोरांनी मागितलेलं पुस्तक

१८७०, १९१४, १९३९. सत्तर वर्षांत फ्रान्स-जर्मनी तीनदा लढले. समोरचा म्हणजे पिढीजात वैरी, हीच दोन्हीकडची भाषा. १९६३ च्या एलिझे करारानंतर मात्र मुलं मोठ्या संख्येनं एकमेकांच्या देशात जाऊ-येऊ लागली. २००३ मध्ये बर्लिनला दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांची युवा संसद भरली. पोरांनी मागणी केली, इतिहासाचं एकच पुस्तक द्या! २००६ मध्ये त्याचा पहिला भाग खरंच निघाला. भाषा दोन, मजकूर एक.

मला पुस्तकापेक्षा मोठं वाटतं ते हे, की सरकारांनी पोरांचं ऐकलं. आमच्याही शाळेत निवडणूक व्हायची, मंत्रिमंडळ बनायचं, बिल्ले मिळायचे. पण आमचा एकही ठराव मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत गेल्याचं आठवत नाही. लोकशाही मतदानानं सुरू होते, पण मुरते ती कुणी ऐकलं तरच. तुमच्या शाळेत ऐकायचे का?