चाळीस पत्रिका आणि एक नाणे

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणण्याचे ठरवले, तेव्हा शास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. पण विरोध म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मागण्याची रीतसर वाट २००८ साली पुण्यात आखली गेली. आखणारे चौघे : खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर.

पत्रिकेवरून जातकाची बुद्धी कळते, हा ज्योतिषांचा जुना दावा. त्यासाठी २०० मुलांच्या पत्रिका मांडल्या गेल्या; १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाने त्यांतल्या ४० पाहून कोणती कोणाची ते सांगायचे.

आता ‘बुद्धी कळते’ या वाक्यावर गणित चालत नाही, कारण किती कळते हे त्यात नाही. ‘काहीच कळत नाही’ यावर मात्र चालते : मग उत्तर म्हणजे नाणेफेक, ४० पैकी सरासरी २० बरोबर. हीच शून्य परिकल्पना. हे नाव रूढ केले रोनाल्ड फिशर यांनी, १९३५ च्या ग्रंथात. दूध आधी ओतले की चहा, हे चवीवरून ओळखू पाहणाऱ्या बाईंची प्रसिद्ध गोष्ट त्यातलीच. पर्यायी परिकल्पनेला सिद्धान्तात मानाचे स्थान दिले ते नेमन आणि पिअर्सन यांनी.

पुण्यातल्या दाव्याची पर्यायी परिकल्पना अशी मांडता येते : ज्योतिषी निम्म्याहून अधिक वेळा बरोबर ठरतो. येथे ‘निम्म्याहून वेगळा’ म्हणून भागत नाही. सतत चुकणारा ज्योतिषीही वेगळाच असतो, पण तसा दावा कोणी केलेला नव्हता! शिवाय दोन्ही विधाने उत्तरे हाती येण्यापूर्वीच ठरायला हवीत. निकाल पाहून परिकल्पना लिहिणे म्हणजे बाण मारल्यावर त्याभोवती वर्तुळ काढणे.

निव्वळ नाणेफेकीने ४० पैकी २८ वा अधिक उत्तरे जुळण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांत सर्वोत्तम आकडा होता २४. तो वा त्याहून मोठा आकडा नाणेही सुमारे १३ टक्के वेळा गाठते. म्हणजे २७ नाणेफेक्यांत असे तीन-चार तरी निघावेत.

शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही. ती सिद्ध झाली, असे मात्र संख्याशास्त्र म्हणत नाही. दावेदाराला पुरावा देता आला नाही, एवढेच म्हणते. एका ज्योतिष संस्थेने तर सर्व २०० पत्रिका तपासल्या. बरोबर उत्तरे : १०२.