रविवारची सहल

श्रोतेहो, एका दिवसाची सहल ही इतकी साधी गोष्ट वाटते, कीं तिलाहि इतिहास असेल अशी शंका सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. शनिवारीं रात्रीं दशम्या आणि चटणी फडक्यांत बांधावी, पहांटे मुलांना उठवावें, आजींना हाताला धरून गाडींत बसवावें, आणि दिवस मावळतां पायांना धूळ व मनाला हुशारी घेऊन घरीं परतावें. यांत इतिहासकारानें लक्ष घालावें असें काय आहे? लढाया आणि तह यांच्या बखरींत या शिदोरीला जागा नाहीं, हें खरें. परंतु जरा खोल पाहूं लागलें म्हणजे दिसून येतें, कीं या एका दिवसासाठीं तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या : जाण्यास वाट, मोकळा दिवस, आणि बरोबर निघण्यास मोकळीं असलेलीं आपलीं माणसें. यांपैकीं एकहि गोष्ट आपोआप आली नाहीं. मुंबई शहर आणि त्याच्या जवळचा माथेरानचा डोंगर यांच्या आधारें तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

घराबाहेर पडून झाडाखालीं जेवण्याची चाल आपल्याकडे आगगाडीबरोबर आली, असें मात्र कोणीं समजूं नये. कार्तिकांतलें आंवळीभोजन जुनेंच आहे. आंवळीच्या झाडाची पूजा करावयाची, तिच्या सावलींत पानें मांडावयाचीं, आणि शेजारपाजारच्या मंडळींसह जेवावयाचें, हा त्याचा विधि. जेजुरीच्या खंडोबाची आणि कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा हीहि एका अर्थानें कुटुंबाची सहलच असे. बैलगाडी जोडली, वर तट्ट्या बांधला, आंत लेकीसुना व मुलें बसलीं, कीं वाटेवरचा ओढा, चिंचेचें बन आणि चुलीवरचा भात यांचा आनंद देवदर्शनाइतकाच मोठा असे. निमित्त देवाचें आणि सुख माणसांचें, अशी ती रीत होती. तींत दोन अडचणी मात्र होत्या. बैल एका दिवसांत जेथवर जाऊन येईल तेथवरच सहलीची मर्यादा. आणि देवाचें निमित्त असल्याशिवाय घरांतील स्त्रीला उंबरठा ओलांडून केवळ डोंगर पाहण्यासाठीं निघतां येत नसे.

पहिली अडचण वाटेची. मुंबई हें बेट. त्यांतून बाहेर पडावयाचें म्हणजे होडीनें खाडी ओलांडावयाची आणि मग घाट चढावयाचा. सर जॉन माल्कम या गव्हर्नरानें १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला केला, तेव्हां पुण्याची वाट सुधारली. त्याच माल्कमच्या कारकीर्दींत महाबळेश्वर हें हवा खाण्याचें ठिकाण म्हणून वसूं लागलें. पण महाबळेश्वरास जावयाचें तें नोकर-चाकर, तंबू, पेट्या घेऊन आणि आठवड्यांच्या हिशेबानें. एक दिवस मोकळा मिळणाऱ्या माणसाला त्याचा कांहींच उपयोग नव्हता.

हा हिशेब बदलला तो १६ एप्रिल १८५३ या दिवशीं. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, तिचें अंतर अवघें एकवीस मैल. १८५४ सालीं रूळ कल्याणला पोंचले, आणि १८५६ सालीं घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस. याच वाटेवर नेरळ हें गांव आहे, आणि नेरळच्या माथ्यावर माथेरान. पुढें बोरघाटांतून लोहमार्ग नेण्याचें प्रचंड काम १८६३ सालीं पुरें झालें. त्याचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच काळांत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें तो मक्ता पुढें चालवून काम तडीस नेलें. एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या घाटांत राबत होते. पटकीनें आणि अपघातांनीं त्यांतले हजारों मेले. आज खंडाळ्याच्या बोगद्यांत गाडी शिरली म्हणजे मुलें आनंदानें आरोळी ठोकतात. त्यांनीं आरोळी खुशाल ठोकावी. पण तो अंधार कोणीं खोदला हें आईबापांनीं त्यांना एकदां सांगून ठेवावें, एवढेंच माझें म्हणणें.

आतां माथेरानकडे वळूं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० च्या मे महिन्यांत चौक गांवाच्या बाजूनें हा डोंगर चढून गेले, वरची दाट सावली आणि थंड वारा पाहून लोभावले, आणि पुढें त्यांनीं तेथें घर बांधलें. यालाच पुस्तकांतून माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. हा शब्द जरा जपून वापरला पाहिजे. त्या रानांत आणि त्याच्या उतारांवर धनगर, ठाकूर आणि कातकरी राहत होते. वाटा त्यांच्या होत्या, झरे त्यांना ठाऊक होते. माथ्यावरचें रान म्हणून माथेरान, अशी त्या नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. साहेबाला जें सांपडलें तें डोंगराचें अस्तित्व नव्हे, तर त्याचा एक नवा उपयोग. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं त्या उपयोगाला राजमान्यता दिली, नेरळहून वर रस्ता झाला, बंगले उठले. कड्यांना नांवें पडलीं तींहि साहेबी : लुइझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, तलावाला शार्लट. त्या तलावाच्या कांठीं पिसारनाथाचें देऊळ आहे, तेवढ्या एका ठिकाणीं जुन्या डोंगराचें नांव अजून ऐकूं येतें.

नेरळास उतरल्यावर वर जावयाचें कसें ? घोड्यावर बसून, नाहींतर डोलींत किंवा पालखींत. म्हणजे ज्याच्यापाशीं पैसा, त्याला चार माणसांचे खांदे मिळत. साहेब गेले, त्यांच्या मागून मुंबईचे श्रीमंत पारशी, बोहरी आणि हिंदु व्यापारी गेले. कचेरींतला कारकून, शाळामास्तर, छापखान्यांतला जुळारी यांना आगगाडीचें तिकीट एक वेळ परवडलें असतें. डोलीचें भाडें परवडण्याजोगें नव्हतें. आणि कुटुंब बरोबर न्यावयाचें तर किती डोल्या करावयाच्या ?

दुसरी गोष्ट दिवसाची. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी मिळे ती राज्यकर्त्यांच्या धर्मामुळें. परंतु ज्या गिरण्यांच्या धुराड्यांवर मुंबईचें वैभव उभें होतें, त्यांतल्या कामगाराला ठरलेला असा रविवार नव्हता. दिवस उजाडतां आंत जावयाचें, दिवस मावळतां बाहेर यावयाचें, हा त्याचा क्रम. त्याच्यासाठीं उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ सालीं त्यांनीं गिरणीकामगारांची सभा भरवून आठवड्याला एक दिवस सुटीची मागणी मांडली, आणि हजारों कामगारांनीं त्या अर्जावर सह्या केल्या. रविवारच कां, याचें लोखंड्यांचें एक उत्तर मोठें मार्मिक होतें : रविवार हा खंडोबाचा वार आहे. जो दिवस साहेबाच्या देवाचा म्हणून कचेरी बंद ठेवतो, तोच आमच्याहि देवाचा. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. तींत दोन कामगार स्त्रियांनींहि भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली.

मागणीपासून मान्यतेपर्यंत सहा वर्षें लागलीं, हें लक्षांत घ्यावें. तो रविवार मिळतांच गिरणीकामगार माथेरानला निघाला, असें नव्हे. त्याच्या मिळकतींत तें बसणारें नव्हतें. पण लेकराला खांद्यावर घेऊन समुद्रकांठीं बसण्याइतका वेळ त्याला मिळाला, आणि हाच सहलीचा प्रारंभ आहे. सहल अंतरानें मोजीत नाहींत. आपला वेळ आपल्या माणसांबरोबर आपल्या इच्छेनें घालवितां येणें, हें तिचें खरें स्वरूप.

तिसरी गोष्ट या आपल्या माणसांची. नवऱ्यानें बायकोसह प्रवासास जावें, बरोबर बसून देखावा पाहावा, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकांत सुशिक्षितांच्या घरींहि नवी होती. रमाबाई रानडे यांचें आठवणींचें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. पतीबरोबर केलेल्या फिरतीच्या हकीकती त्यांत आहेत, आणि त्याच पुस्तकांत घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोषहि आहे. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे आजच्या सुनेला जें सहज मिळतें त्याची किंमत कळते.

माथेरानच्या बाबतींत कुटुंबाची अडचण सोडविली ती एका लहानशा आगगाडीनें. मुंबईचे उद्योगपति सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं वडिलांच्या भांडवलावर नेरळहून माथेरानपर्यंत लोहमार्ग बांधला. सुमारें सोळा लक्ष रुपये खर्च आला, आणि १९०७ सालीं गाडी सुरू झाली. रुळांमधलें अंतर अवघें दोन फूट. लांबी सुमारें तेरा मैल. चढ कांहीं ठिकाणीं वीस फुटांस एक फूट. समुद्रसपाटीपासून सुमारें अडीच हजार फुटांवर ही गाडी नागमोडी वळणें घेत चढते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज हीं तिचीं वाटेवरचीं ठाणीं. तिचा वेग इतका मंद, कीं पळणारें पोर तिच्याशीं शर्यत लावूं पाहतें.

या गाडीचें कौतुक यंत्रकौशल्यासाठीं होतें, आणि तें योग्यच आहे. पण मला तिचें महत्त्व निराळें वाटतें. डोलींत एकच माणूस बसतो, घोड्यावरहि एकच. गाडीच्या बाकावर आजी, सून आणि मूल शेजारीं बसतात. आजीला दरी पाहून भीति वाटली तर नातू तिचा हात धरूं शकतो. डोंगर चढणें ही एकट्यादुकट्याची गोष्ट होती ती या बाकानें घरची केली, आणि चार माणसांच्या खांद्यांवरचें ओझें एका इंजिनानें उचललें.

सगळें ओझें मात्र उतरलें नाहीं. माथेरानवर मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्याशीं त्या थांबतात. या बंदीमुळेंच तेथली शांतता टिकली, आणि फेब्रुवारी २००३ मध्यें केंद्र सरकारनें हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हां तिला आणखी बळ मिळालें. पण मोटार नाहीं म्हणजे सामान व माणसें कोणीतरी वाहिलींच पाहिजेत. लाल मातीच्या त्या रस्त्यांवर माणसांनीं ओढावयाच्या रिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. पुढें एकानें ओढावयाचें, मागून इतरांनीं ढकलावयाचें, आणि आंत बसणाऱ्यानें हवेची तारीफ करावयाची. गाडी बंद पडे तेव्हां हें ओझें अधिकच वाढे. २००५ च्या अतिवृष्टींत रूळ वाहून गेले ते २००७ मध्यें पुन्हां जुळले ; २०१९ च्या पावसानंतर संपूर्ण मार्ग खुला होण्यास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. माणसानें माणसाला ओढून नेण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाहीं, असें सांगून सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या जागीं विजेच्या रिक्षा आणण्याचा आदेश दिला. प्रजासत्ताक होऊन पंचाहत्तर वर्षें लोटल्यावर हें सांगावें लागलें, ही गोष्ट सहलीस जाणाऱ्या आपणां सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

आणि आणखी एक गोष्ट. ज्या डोंगराला आपण हवा खाण्याचें ठिकाण म्हणतों, तो कोणाचा तरी गांव आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १९१२ सालीं माथेरानलाच एका नाभिक कुटुंबांत झाला. ते वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यांत उतरले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं हुतात्मा झाले. लुइझा आणि शार्लट हीं नांवें पाठ असणाऱ्या प्रवाशाला हेंहि नांव ठाऊक असावें.

श्रोतेहो, एवढें ऐकून सहलीचा आनंद कमी करावा असा माझा हेतु नाहीं. उलट ती अधिक वेळां करावी. महिनाभराच्या दूरच्या प्रवासासाठीं वर्षानुवर्षें पैसा साठवीत बसण्यापेक्षां दोन घटकांच्या अंतरावरचा डोंगर मुलांना पायांनीं ओळखूं द्यावा, म्हाताऱ्यांना एकदां तरी मोकळ्या आकाशाखालीं आपल्या शेजारीं बसवावें. फक्त निघतांना शिदोरी आपली आपण उचलावी, केरकचरा आपल्याबरोबर खालीं आणावा, आणि घोडेवाला किंवा हमाल यांच्याशीं चार आण्यांसाठीं घासाघीस करूं नये. संध्याकाळच्या गाडींत पेंगुळलेलें मूल मांडीवर असतां “हा रविवार आपल्याला कोणीं दिला ?” असें थोरल्यानें विचारलें, तर त्याला लोखंड्यांची गोष्ट सांगावी. घर येईपर्यंत ती पुरेल.