चित्रातले घर आणि नागपूरचा मे महिना

१९४० ते १९६० या काळातली जुनी मासिके चाळताना कथा-लेखांइतक्याच घरांच्या आराखड्यांवर आणि सिमेंटच्या जाहिरातींवर नजर खिळते. सपाट गच्ची, गोल कोपऱ्याची बाल्कनी, खिडकीवर पातळ आडवा छज्जा. 'आधुनिक घर' म्हटले की हेच चित्र.

ते एकाएकी आले नाही. १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले. र. श्री. देशपांडे या अभियंत्याने मध्यमवर्गासाठी स्वस्त व आरोग्यदायी घरांवर पुस्तके लिहिली. १९४६ मध्ये मुल्कराज आनंद यांनी 'मार्ग' सुरू केले. हे नाव म्हणजे 'मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुप'ची आद्याक्षरे!

नागपुरात या चित्रांना गिऱ्हाईक तयार होते. शहर १९५६ पर्यंत राजधानी होते, १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला होता आणि धरमपेठ, रामदासपेठेत वकील, प्राध्यापक, अधिकारी घरे बांधत होते. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांच्या जाड भिंती, कवेलूंचे छप्पर आणि त्याखालचा माळा त्यांना मागासलेला वाटला असेल, तर नवल नाही. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, माकडे ते फोडतात, पावसात घर गळते. स्लॅबचे आकर्षण केवळ फॅशनचे नव्हते.

पण आता सूर्याकडे पाहू. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही; छज्जा असो वा नसो. सारे ऊन छपरावर पडते, दर चौरस मीटरवर ढोबळमानाने ९०० वॅट. मासिकातले चित्र मात्र घराची दर्शनी बाजू दाखवते. गच्चीवर काय होते, ते त्यात दिसत नाही.

१० सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरते. एवढे वस्तुमान तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. दुपारी वरून शिरलेली उष्णता खालच्या पृष्ठभागापर्यंत यायला सुमारे तीन तास लागतात. म्हणून चार-पाच वाजता ऊन उतरू लागते, तेव्हाच छत खोलीत उष्णता ओतत असते. कवेलू वजनाने हलके, त्यांच्या फटींतून वारा खेळतो, शिवाय मधे माळ्यातली हवा. ते सूर्यास्तानंतर लवकर निवतात.

गंमत अशी की हाच स्लॅब वरून सुखाचा होता. निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकून गच्ची रात्री गार होई. पाणी शिंपडून, गाद्या टाकून अख्खे कुटुंब वर झोपायला जाई.

खाली राहणाऱ्यांसाठी आधी वाळ्याच्या ताट्या होत्या, मग कूलर आला. मेमधल्या दुपारी ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याच्या तापमापीत सुमारे २३ ते २४ अंश दिसतात. चांगला कूलर हवेला २८ अंशांच्या आसपास आणू शकतो. मृगाचा पाऊस पडून आर्द्रता वाढली की हाच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. त्या आराखड्यांत या पेटीला जागा कुठली? ती खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसली आणि नागपूरच्या घराची ओळख झाली.

शाळेत हे तपासता येईल. दोन सारख्या पुठ्ठ्याच्या खोक्यांपैकी एकावर कवेलू, दुसऱ्यावर सिमेंटची जाड फरशी ठेवा. आत तापमापी टांगून खोकी उन्हात ठेवा. नोंदी दुपारी एकपासून घ्या, पण पाच वाजता थांबू नका. खरा फरक रात्री आठच्या नोंदीत शोधायचा आहे.