इटालियन भाषा शिकावयास गेलेली मुले

उन्हाळ्याच्या सुट्टीत परमुलखात जावे, तेथील कुटुंबात किंवा वसतिगृहात राहावे आणि तेथील भाषा पुस्तकातून न शिकता बाजारात, भोजनाच्या पंक्तीत व सोबत्यांच्या खेळात शिकावी, ही कल्पना आज आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांत परिचयाची होऊ लागली आहे. सिएना, पेरूजा, फ्लॉरेन्स ह्या इटालियन नगरांत दर वर्षी निरनिराळ्या देशांतील तरुण मुले याच हेतूने येतात. पुष्कळांस हा प्रकार अगदी अलीकडचा वाटतो. वास्तविक त्याला चारशे वर्षांहून अधिक काळचा इतिहास आहे. तो पाहू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मुलाला भाषा येईल की नाही, हा प्रश्न त्या इतिहासात फारसा अवघड ठरलेला नाही. कोवळ्या वयात परक्या लोकांत राहिलेल्या मुलास भाषा येतेच. अवघड ठरली ती परतीची वाट. आज त्या वाटेविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम इटालियन भाषेचे स्थान ध्यानी घ्यावे. १८६१ पर्यंत इटली हे एक राष्ट्र नव्हते. व्हेनिसची बोली निराळी, नेपल्सची निराळी, सिसिलीची तर आणखीच निराळी. दांते, पेत्रार्क व बोक्काच्चो यांच्या ग्रंथांमुळे टस्कनी प्रांताच्या भाषेला लेखनात मान मिळाला आणि सुशिक्षितांची भाषा म्हणून तीच मान्य झाली. त्यामुळे शुद्ध इटालियन शिकू इच्छिणाऱ्या परकीयाने टस्कनीत जावे, असा संकेत पडला. सिएनाच्या विद्यापीठात कायदा शिकण्यास जर्मन तरुण मोठ्या संख्येने येत असत. १५८८ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो याने तेथे टस्कन भाषेचे अध्यासन निर्माण केले, ते मुख्यतः ह्या जर्मन विद्यार्थ्यांसाठीच. दिओमेदे बोर्गेसी हा त्याचा पहिला अध्यापक. लॅटिनच विद्येची भाषा मानली जात असलेल्या काळात, लोकांच्या चालत्या बोलत्या भाषेला विद्यापीठात आसन मिळाले आणि तेही परकीयांच्या गरजेमुळे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु मुलगा भाषेबरोबर आणखी काय घेऊन येईल, ही धास्ती त्याही वेळी होतीच. राणी एलिझाबेथचा शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम याचा शिक्षणविषयक ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इटलीला जाऊन येणाऱ्या इंग्रज तरुणांवर त्याने कडक टीका केली आहे. धर्म गेला, शील गेले आणि उरले ते नुसते परके वेष व परके दुर्गुण, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. विशेष हे की, इटालियन भाषेवर आपले प्रेम आहे, असे तोच सांगतो. त्याचा स्वतःचा इटलीतील मुक्काम मात्र नऊ दिवसांचा होता. नऊ दिवसांच्या अनुभवावर एका संपूर्ण देशाचा निकाल लावणे कितपत योग्य, हा प्रश्न सोडून देऊ. पण मुलगा जाईल तसाच परत येणार नाही, एवढे त्याने अचूक ओळखले होते.

असाच एक मुलगा म्हणजे रॉबर्ट बॉइल. वायूचा दाब व आकारमान यांचा नियम ज्याच्या नावाने आपली मुले शाळेत पाठ करतात, तोच हा. आयर्लंडातील धनाढ्य सरदार अर्ल ऑफ कॉर्क याचा हा मुलगा. १६३९ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, वडील भाऊ फ्रान्सिस व शिक्षक मार्कोम्ब यांच्यासह तो युरोपात गेला. जिनीव्हा येथे काही काळ अध्ययन केल्यावर १६४१ च्या शरदात हे तिघे इटलीत उतरले आणि हिवाळाभर फ्लॉरेन्समध्ये राहिले. तेथे रॉबर्ट इटालियन शिकला आणि ती भाषा येऊ लागताच गॅलिलिओचे ग्रंथ वाचू लागला. जानेवारी १६४२ मध्ये त्याच नगराजवळ आर्चेत्री येथे वृद्ध व अंध गॅलिलिओ मरण पावला. त्या वेळी बॉइलला पंधरावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. पुढे रोममध्ये त्याने आपण फ्रेंच असल्याची बतावणी केली, कारण प्रॉटेस्टंट इंग्रजास त्या नगरीत उघडपणे वावरणे सोयीचे नव्हते.

येथवर सारे सुरळीत चालले होते. वसंतात मार्सेयला पोहोचल्यावर मात्र पित्याचे पत्र हाती पडले. आयर्लंडात बंड उसळले होते आणि घरचे वैभव डळमळले होते. यापुढे पूर्वीप्रमाणे पैसा पाठविणे शक्य नाही, असे त्यात होते. थोरला भाऊ लढावयास स्वदेशी गेला. प्रकृतीने नाजूक असलेला रॉबर्ट शिक्षकाच्या आश्रयाने जिनीव्हास परतला आणि तेथे दोन वर्षे अडकून पडला. १६४४ मध्ये तो इंग्लंडात पोहोचला, तेव्हा पिता निवर्तला होता. ज्या घरातून तो निघाला ते घर तसे उरले नव्हते. पैसा, शिक्षक, ओळखीची पत्रे हे सर्व असूनही परतीची वाट अशी रोखली गेली.

बॉइल निदान युरोपातलाच होता. आता जी कथा सांगावयाची ती आपल्या आशिया खंडातील मुलांची आहे. मात्तेओ रिपा हा नेपल्स राज्यातील पाद्री १७११ पासून पेकिंगच्या दरबारी सम्राट कांगशीच्या सेवेत चित्रकार व ताम्रपटावर चित्रे कोरणारा म्हणून होता. जेहोल येथील बादशाही उन्हाळी राजवाड्याची छत्तीस दृश्ये त्याने कोरली. कांगशीच्या मृत्यूनंतर, १७२३ मध्ये, तो चार चिनी मुले व त्यांचा एक चिनी शिक्षक बरोबर घेऊन स्वदेशी निघाला. चीनमध्ये धर्मप्रचार करावयाचा तर तो चिनी माणसानेच करावा, परक्याच्या तोंडून तो पटणार नाही, असे त्याचे मत होते. पुढे १७३२ मध्ये पोपच्या संमतीने नेपल्सला चिनी विद्यालय स्थापन झाले. तेथे चिनी मुले लॅटिन व इटालियन शिकत. तुर्की साम्राज्यातून आलेले विद्यार्थी आणि फी देऊन राहणारी नेपल्समधील घरंदाज मुलेही त्यांच्याबरोबर असत. मुले परकी भाषा सोबत्यांच्या संगतीत आपोआप उचलीत, ही सोय ह्या शाळेत होती. मात्र विद्यार्थ्यास शपथा घ्याव्या लागत आणि पौर्वात्य देशांत जाऊन आमरण धर्मकार्य करण्याचे वचन त्यांत असे. म्हणजे परतीची वाट होती, पण ती शाळेने आखून दिलेली होती.

१७७३ मध्ये ह्या शाळेत तेरा वर्षांचा एक मुलगा आला. चीनच्या वायव्येस असलेल्या ल्यांगजौ गावचा हा ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा युरोपीय कागदपत्रांत याकोबुस ली या नावाने ओळखला जातो. तो नेपल्सलाच वाढला, तेथेच त्याला धर्मदीक्षा मिळाली. १७९२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने चीनच्या सम्राटाकडे वकिलात पाठविण्याचे ठरविले. तिचा प्रमुख लॉर्ड मॅकार्टनी. हे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. १७८१ ते १७८५ ह्या काळात तो मद्रासचा गव्हर्नर होता. इकडे मराठे व इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला तो ह्याच काळात, १७८२ मध्ये. वकिलातीला दुभाषी हवा होता आणि इंग्लंडात चिनी जाणणारा कोणी मिळेना. म्हणून मॅकार्टनीचा सहकारी जॉर्ज स्टाँटन थेट नेपल्सला गेला आणि तेथून ली व पाओलो चो ह्या दोघांस घेऊन आला.

जहाज मकावला लागताच चोने अंग काढून घेतले. परवानगीवाचून देश सोडणे आणि परकीयांची चाकरी करणे हे चिनी कायद्याने घोर अपराध होते. उरला एकटा ली. त्याने इंग्रजी पोशाख चढविला, कमरेला तलवार लटकविली आणि ‘मिस्टर प्लम’ असे नाव घेतले. ली ह्या आडनावाचा अर्थच मुळी आलुबुखार, ज्याला इंग्रजीत प्लम म्हणतात. १४ सप्टेंबर १७९३ रोजी जेहोल येथे, रिपाने ज्या स्थळाची चित्रे कोरली होती त्याच ठिकाणी, सम्राट च्यानलुंगची भेट झाली. तारुण्यात युरोपभर हिंडलेल्या मॅकार्टनीला इटालियन अवगत होती. तो इटालियनमध्ये बोले आणि ली ते चिनीत सांगे. इंग्लंड व चीन यांचा हा महत्त्वाचा संवाद ज्या भाषेच्या पुलावरून चालला, ती त्या दोघांपैकी कोणत्याच देशाची नव्हती. नेपल्सच्या शाळेत एका मुलाने ती उचलली होती, एवढाच तिचा तेथे संबंध!

वकिलातीत दुसरेही एक मूल होते. स्टाँटनचा बारा वर्षांचा मुलगा प्रवासात ह्या चिनी पाद्र्यांपाशी चिनी शिकला होता. त्याने दरबारात चिनी शब्द उच्चारताच सम्राट प्रसन्न झाला आणि त्याने आपल्या कमरेची थैली काढून त्यास दिली. तो मुलगा सुखरूप घरी गेला आणि १८१० मध्ये चिनी कायद्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवादक म्हणून कीर्ती पावला. लीच्या वाट्याला थैलीही नाही आणि कीर्तीही नाही. सम्राटाने इंग्रजांच्या मागण्या नाकारल्या. त्या नकारात ख्रिस्ती धर्मप्रसाराचाही उल्लेख होता. पण ती मागणी मॅकार्टनीने केलेलीच नव्हती. आपल्या धर्मबांधवांसाठी ती लीनेच भाषांतरात घातली असावी, असे अलीकडील इतिहासकारांचे मत आहे. तसे असेल तर, दुभाष्या म्हणजे केवळ तोंड नव्हे, त्याला स्वतःचे अंतःकरणही असते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. वकिलात परतली. ली चीनमध्येच राहिला. शान्सी प्रांतातील खेड्यांत, धर्मावर बंदी असताना, तो लपतछपत धर्मकार्य करीत राहिला आणि नेपल्सला पत्रे पाठवीत राहिला. १८२८ मध्ये तो वारला. ज्या गावाने त्याला वाढविले ते नेपल्स त्याने पुन्हा पाहिले नाही. परत येऊनही अर्धे आयुष्य दूरच राहिले, अशी ही परतीची वाट. त्याची शाळा पुढे पौर्वात्य भाषांचे शासकीय विद्यालय झाली, तेथे हिंदुस्थानी भाषाही शिकविली जाऊ लागली आणि आज ती नेपल्सचे विद्यापीठ म्हणून नांदत आहे.

इटली एक राष्ट्र झाल्यावर ह्या शिक्षणाला व्यवस्थित रूप आले. सिएना येथे १९१७ मध्ये परकीयांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले. पेरूजा येथे १९२१ मध्ये आस्तोर्रे लुपात्तेल्ली याने असेच वर्ग काढले आणि १९२५ मध्ये राजाज्ञेने त्यांचे परकीयांसाठीचे विद्यापीठ झाले. ह्या वर्गांत कोणी शपथ घ्यावयाची नव्हती. यावे, शिकावे, जावे, असा तो मोकळा व्यवहार होता.

पण त्याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडत होती. लक्षावधी इटालियन पोटासाठी अमेरिका, फ्रान्स, ईजिप्त आदी देशांत गेले होते आणि त्यांची मुले मातृभाषा विसरू लागली होती. मुसोलिनीच्या सरकारने अशा मुलांना उन्हाळ्यात इटलीच्या समुद्रकाठच्या छावण्यांत आणण्याची मोहीम काढली. भाषा, समुद्रस्नान, गाणी, सहली, सर्व काही होते. त्याचबरोबर गणवेष, कवायत आणि नेत्याचा जयजयकारही होता. भाषा हे निमित्त, निष्ठा हे उद्दिष्ट. जून १९४० मध्ये लिबियात वसलेल्या इटालियन कुटुंबांची सुमारे १३,००० मुले अशीच इटलीत आणली गेली. त्यांना भाषा येतच होती; मायदेशाचा संस्कार व्हावा, एवढाच हेतू सांगितला होता. १० जून रोजी इटलीने युद्ध पुकारले आणि समुद्रमार्ग बंद झाला. काही आठवड्यांची ती सुट्टी वर्षानुवर्षे लांबली. युद्ध संपले तेव्हाही पुष्कळ मुले आईबापांपासून दूरच होती. चार-पाच वर्षांची म्हणून गेलेली मुले मोठी होऊन परत भेटली. ज्यांनी त्यांना जहाजावर चढविले त्यांनी परतीच्या वाटेचा विचारच केला नव्हता, असे म्हणणे प्राप्त आहे.

ह्या गोष्टींवरून मुलांना परदेशी पाठवूच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अ‍ॅस्कमचा सल्ला सर्वांनी मानला असता तर बॉइलने गॅलिलिओ त्याच्याच भाषेत इतक्या लवकर वाचला नसता. परके घर, परका शेजार आणि समवयस्कांची संगत हीच भाषेची उत्तम शाळा, हे सिएनापासून नेपल्सपर्यंत वारंवार सिद्ध झाले आहे. आईबापांनी मात्र दोन प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्या मुलाला बोलावणारा त्याला कशासाठी बोलावतो आहे? आणि संकट आलेच, तर त्याला घरी आणण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलाला खुशाल जाऊ द्यावे. तो थोडा बदलून परत येईल. त्याने घरी सांगितलेल्या नव्या गोष्टी घरच्यांनी मन मोकळे ठेवून ऐकाव्यात, म्हणजे परतीच्या वाटेचा शेवटचा टप्पाही नीट पार पडेल.