फिरंग तलवार : युरोपीय पाते व मुल्हेरी मूठ

मराठा शस्त्रपरंपरेत ‘फिरंग’ तलवारीस विशेष स्थान आहे. दख्खनमध्ये मुशीत तयार झालेले पोलाद इराणपर्यंत जात असतानाच येथील सरदार युरोपीय पात्यांना पसंती देत. समुद्रमार्गे आलेल्या या पात्यांना स्थानिक कारागीर मूठ बसवीत. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून मिळविलेली नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार याच प्रकारातील होय. तिचे एकधारी पाते युरोपीय असून त्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरी लेख आहे. मूठ मुल्हेरी घाटाची आहे. हे नाव नाशिक जिल्ह्यातील बागलाणच्या मुल्हेरशी जोडले जाते.

याच जिल्ह्यात देवळाली येथे १८६१ मध्ये ब्रिटिशांची लष्करी छावणी उभी राहिली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवारी घडविण्यास व विकण्यास परवाना आवश्यक ठरला. सरदारांची फौज आधीच संपुष्टात येत चालली होती; कायद्याने कारागिराचा उरलासुरला आधारही हिरावला.

लेखात धन्याचे नाव आहे, ‘फिरंग’ या शब्दात पात्याचे मूळ आहे. मूठ घडविणाऱ्याची ओळख मात्र एका गावाच्या नावापुरतीच उरली आहे. अशा शस्त्रांच्या इतिहासात त्या गावाची नोंद म्हणूनच अपरिहार्य ठरते.