सिल्युएत : एक नाव आणि एक हात

एतिएन द सिल्युएत हा 1759 साली फ्रान्सचा अर्थमंत्री झाला आणि त्याच वर्षी पदावरून दूरही झाला. युद्धाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी त्याने धनिकांवर कर बसविण्याचा घाट घातला. परिणामी जे जे काटकसरीचे, त्याला त्याच्या नावाने हिणविण्याची चाल पॅरिसमध्ये पडली. चेहऱ्याची एका बाजूची काळी आकृती तेवढी दाखविणाऱ्या स्वस्त चित्रांना ते नाव कायमचे चिकटले. इंग्रजीत मात्र प्रथम ‘छाया’ याच अर्थाचा शब्द रूढ होता. (मराठीत ‘छायाचित्र’ हा शब्द फोटोने पटकाविल्यामुळे या कलेला निश्चित नाव उरले नाही.)

स्वस्तपणा हेच या चित्रांच्या लोकप्रियतेचे एकमेव कारण होते, हे मत मला मान्य नाही. चेहऱ्याच्या रेषेवरून स्वभाव ओळखता येतो, असे प्रतिपादन लाव्हाटर या स्विस धर्मोपदेशकाने 1775 ते 1778 या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. छाया निसर्गच काढतो, तेव्हा तीत चित्रकाराची खुशामत नाही, हा विश्वास त्यामागे होता. ते शास्त्र टिकले नाही. विश्वास मात्र यंत्राकडे वळला.

फिलाडेल्फियातील चार्ल्स विल्सन पील यांच्या संग्रहालयात 1802 मध्ये असे एक यंत्र बसविण्यात आले. त्याची दांडी चेहऱ्यावरून फिरे व तीच रेषा लहान आकारात घडी घातलेल्या कागदावर उमटे. मग ती कापली, की एकदम चार प्रती मिळत. मधला तुकडा टाकून द्यावयाचा आणि उरलेला पांढरा कागद काळ्यावर ठेवावयाचा. 1803 मध्ये अशा आठ हजारांहून अधिक आकृती कापल्या गेल्याचे पील यांनीच नमूद केले आहे.

त्या कापणारा मोझेस विल्यम्स हा गुलामीत जन्मलेला, पीलांच्याच घरी वाढलेला. पीलांच्या मुलांना रंग व कुंचला मिळाला, याला कात्री. यंत्राची रेषा ढोबळ असे. कपाळावरची बट, पापणीचे टोक ही कात्रीचीच करणी होय. तरीही कागदावर ठसा उमटे तो ‘म्युझियम’ एवढाच. त्या मंत्र्याच्या नावाची व्युत्पत्ती कोशांत सापडते. विल्यम्सचे नाव एका आकृतीखाली ‘कापणारा’ म्हणून लिहिलेले आढळते. ती त्याचीच आकृती. ती पीलांच्या रॅफेल या मुलाने कापली, असे दीर्घकाळ मानले जाई. ती विल्यम्सने स्वतःच कापली असावी, असे मत अलीकडे मांडले गेले आहे.