टोनआर्मची निवड : कसोटी तबकडीच्या अखेरच्या मिनिटांची

सवाई गंधर्व महोत्सवाची १९५३ पासूनची परंपरा असलेल्या पुण्यात शास्त्रीय संगीताच्या एलपी तबकड्या जपणारी घरे आजही आहेत. जुन्या बाजारातही त्या अधूनमधून हाती लागतात. मात्र टर्नटेबल घेताना लक्ष स्पीकर आणि अॅम्प्लिफायरकडे जाते. कार्ट्रिज पेलणारा टोनआर्म दुर्लक्षित राहतो. आवाजाचा दर्जा आणि तबकडीचे आयुष्य या दोन्हींवर त्याचा थेट परिणाम होतो.

अखेरच का बिघडते?

मूळ तबकडी कोरणारे यंत्र त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते. नेहमीचा टोनआर्म मात्र एका टोकाशी खिळलेला असल्याने कमानीत फिरतो. त्यामुळे सुईचा कोन सर्वत्र अचूक राहत नाही. चांगली जुळणी केली तरी तो केवळ दोन ठिकाणी बिनचूक असतो. त्यातच ३३ १/३ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, तर आतली अवघ्या २१ सेंटिमीटरने. तोच स्वर आत अधिक दाटीने कोरलेला असतो. ख्यालाची द्रुत लय आणि ताना बहुधा नेमक्या याच भागात येतात.

प्रमुख प्रकार

गिम्बल : आडव्या व उभ्या हालचालीसाठी स्वतंत्र बेअरिंग. ब्रिटनच्या रेगा कंपनीचा आरबी ३०० (१९८३) आणि मॅग्नेशियमची अखंड नळी असलेला एसएमई फाइव्ह हे नावाजलेले नमुने. खर्ज भरीव आणि ठाम. एसएमईने २०१९ च्या अखेरीस टोनआर्म सुटे विकणे थांबवले.

युनिपिव्हट : संपूर्ण भुजा एका टोकदार बिंदूवर तोललेली. घर्षण अत्यल्प, स्वर मोकळा. पण डावी-उजवीकडे कलण्याची शक्यता. अमेरिकेच्या ग्रॅहम फँटममध्ये त्यावर चुंबकाचा उपाय योजला आहे.

बारा इंची : नऊ इंची भुजेच्या तुलनेत कोनाची चूक सुमारे पाव भागाने कमी, वजन मात्र वाढते आणि जागाही जास्त लागते.

सरळ रेषेतील : स्लोव्हेनियाच्या कुझ्मा एअरलाइनप्रमाणे हवेच्या गादीवर सरकणारा. कोनाचा प्रश्न जवळजवळ मिटतो; पण हवेचा पंप, अचूक समतल आणि नियमित देखभाल आवश्यक.

जोडी जुळणे महत्त्वाचे

टोनआर्म व कार्ट्रिज यांची मिळून एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी. त्याहून कमी झाल्यास वाकलेल्या तबकडीच्या हेलकाव्यांनी भुजा डोलू लागते. फार वाढल्यास खर्जाच्या स्वरांत ढवळाढवळ होते. ११ ग्रॅम परिणामी वस्तुमानाची भुजा, स्क्रूसह ७ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि १२ एकक लवचिकता असेल, तर कंपनसंख्या सुमारे ११ हर्ट्झ येते. त्याऐवजी २५ ग्रॅमच्या जड भुजेला ८ ग्रॅमचे, २५ एकक लवचिकतेचे नाजूक कार्ट्रिज लावल्यास ती साडेपाचवर घसरते. दोन्ही वस्तू महागड्या असल्या तरी जोडी चुकीचीच ठरते. पुण्याच्या उन्हाळ्यात तबकड्या वाकण्याची भीती असल्याने ही काळजी अधिक घ्यावी.

तुलना कशी करावी?

शक्य असल्यास तेच कार्ट्रिज, तीच तबकडी आणि तेवढाच आवाज ठेवावा. जास्त आवाज कानाला उगाचच सरस वाटतो. सुईचा भार उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे काट्यावर मोजून घ्यावा. तंबोऱ्याची आस अखंड ऐकू येते का, बायाची घुमक स्पष्ट आहे का, हे पाहावे. मग सुई थेट शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवावी. तारसप्तकातील तानेचे दाणे सुटे राहिले, तर टोनआर्म उत्तम. स्वर चिरकला, तर आधी जुळणी तपासावी.

अनेक जुनी ध्वनिमुद्रणे सीडीवर पुन्हा निघालेलीच नाहीत. चुकीच्या कोनात, चुकीच्या भाराने फिरणारी सुई खाच कायमची झिजवते आणि ती झीज नंतर कोणताही महागडा टोनआर्म भरून काढू शकत नाही. म्हणूनच उत्तम जुळवलेला मध्यम किमतीचा टोनआर्म हा जुळणीविना बसवलेल्या लाखमोलाच्या टोनआर्मपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.